थॉमस गेन्सबरो: पोट चेहऱ्यांवर, जीव झाडांवर

अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये चित्रकाराला खात्रीचे पैसे मिळत ते माणसांच्या चेहऱ्यांचे. प्रोटेस्टंट चर्चमध्ये मोठी धार्मिक चित्रं लावण्याची प्रथा जवळपास बंद पडलेली होती. पौराणिक विषय आणि निसर्गचित्रं श्रीमंतांना आवडत, पण ती ते जुन्या उस्तादांची घेत, इटलीहून आणून किंवा लंडनच्या लिलावातून. क्लोद लोरेन किंवा राउसदाल मिळत असताना जिवंत इंग्रज चित्रकाराकडून झाडं-ओढे कशाला विकत घ्यायचे, असा सरळ हिशोब होता. आपला स्वतःचा किंवा नव्या नवरीचा चेहरा मात्र इटलीहून आणता येत नाही. तो समोर बसूनच काढून घ्यावा लागतो. म्हणून ज्याच्या हातात कला होती तो व्यक्तिचित्रकार व्हायचा, त्याचं मन कुठेही असो.

थॉमस गेन्सबरोचं मन झाडांत होतं. आयुष्यभर त्याने सातशेच्या आसपास व्यक्तिचित्रं रंगवली आणि निसर्गचित्रं त्याच्या निम्मीही नाहीत. त्याच्याबद्दल लिहिताना ही त्याची शोकांतिका असल्यासारखं मांडायची सवय पडली आहे. आम्हाला ते अर्धंच खरं वाटतं. झाडं रंगवून जो हात तयार झाला त्याच हाताने त्याने चेहरे आणि कपडे रंगवले, आणि त्याची व्यक्तिचित्रं समकालीनांपेक्षा वेगळी दिसतात ती त्यामुळेच. हे कसं, ते नीट कळायचं तर त्याच्या कामाची पद्धत तपशिलात पाहावी लागते.

सडबरी ते लंडन

जन्म सफक परगण्यातल्या सडबरी या गावी. बाप्तिस्म्याची नोंद १४ मे १७२७ ची. नऊ भावंडांत धाकटा. वडील जॉन लोकरी कापडाच्या धंद्यात होते आणि १७३३ मध्ये त्यांचं दिवाळं निघालं. मामा गावच्या ग्रामर स्कूलचे मुख्याध्यापक होते, थॉमस तिथेच शिकला. तेराव्या वर्षाच्या सुमारास, १७४० च्या आसपास, त्याला लंडनला पाठवलं गेलं.

लंडनमध्ये त्याला दोन शाळा भेटल्या. एक ह्युबर्ट ग्राव्हलो या फ्रेंच खोदचित्रकाराची. तिथे नाजूक रेषा, कपड्यांच्या चुण्या आणि आकृत्यांची लय हे फ्रेंच वळण त्याने उचललं. दुसरी म्हणजे बाजार. चित्रविक्रेत्यांसाठी तो जुनी डच निसर्गचित्रं दुरुस्त करी. दुसऱ्याच्या चित्रातला उडालेला रंग भरायचा तर मूळ चित्रकाराने पान कसं मारलंय, ढगाची कड कुठे पुसलीय, वाळूचा रस्ता कोणत्या तपकिरीने सुरू होऊन कोणत्या पिवळ्यात संपतो, हे इंच इंच पाहावं लागतं. १७४८ चं ‘कॉर्नर्ड वुड’ पाहिलं की हे डच शिक्षण लगेच ओळखू येतं: वाकडी ओकची झाडं, मधून गेलेली वाट, दूर चर्चचा मनोरा.

१७४६ मध्ये मार्गारेट बर हिच्याशी त्याचं लग्न झालं. ती ड्यूक ऑफ बोफोर्टची अनौरस मुलगी. तिला वर्षाला २०० पौंड बांधून दिलेले होते. ही रक्कम लहान नव्हती; सुरुवातीच्या कोरड्या वर्षांत घर तिच्यावरच तरलं. १७४८ मध्ये वडील वारले आणि काही महिन्यांत जोडपं सडबरीला परतलं.

शेतात उभं केलेलं जोडपं

साधारण १७५० चं ‘मिस्टर अँड मिसेस अँड्र्यूज’ हे त्याचं बहुतेकांना माहीत असलेलं चित्र. उंची सुमारे ७० सेंटिमीटर, रुंदी ११९. व्यक्तिचित्र उभ्या चौकटीत असावं हा संकेत. इथे चौकट आडवी आहे. नवरा-बायको डावीकडे सरकवलेले आहेत आणि उजवीकडचा अर्ध्याहून जास्त भाग नुसता शेताला दिला आहे.

हे शेत सजावटीपुरतं नाही. रॉबर्ट अँड्र्यूजच्या सडबरीजवळच्या ऑबरीज या मालमत्तेची ती जमीन आहे, आणि झाडांमधून सडबरीचं चर्चही दिसतं. समोरच्या पिकाच्या सरळ रांगा पाहा. हाताने फेकून पेरलेलं पीक असं उगवत नाही. त्या काळी नव्याने आलेल्या पाभरीसारख्या पेरणी-यंत्राने पेरलं तरच ओळी पडतात. मागे कुंपणात वेगळ्या राखलेल्या मेंढ्या आहेत. म्हणजे हा सुधारलेली शेती करणारा जमीनदार आहे, हे चेहऱ्यावरून कळण्याआधी जमिनीवरून कळतं.

याच चित्रात त्याचे कच्चे दुवेही उघडे पडतात. दोघांच्या अंगाचा कपड्याखाली पत्ता नाही. सुरुवातीच्या काळात तो कपडे रंगवण्यासाठी सांध्यांत वाकणारी छोटी बाहुली वापरी, आणि माणसांना बाहुलीचा ताठरपणा आला आहे. मिसेस अँड्र्यूजच्या मांडीवर तर कॅनव्हासचा एक तुकडा रंगवायचाच राहिला आहे. तिथे पुस्तक यायचं होतं, मारलेला पक्षी यायचा होता की पुढे होणारं मूल, यावर बरीच चर्चा झाली आहे. पण ढग, ओक आणि ओंब्या यांत एकही अडखळलेली जागा नाही. विशी नुकती ओलांडलेल्या या मुलाला झाडं येत होती, माणसं अजून यायची होती.

इप्सविच, बाथ आणि दरपत्रक

१७५२ मध्ये तो इप्सविचला गेला. तिथे पैसा बेताचा होता. आपल्या दोन मुलींची, मेरी आणि मार्गारेटची, चित्रं त्याने याच काळात काढली. ‘फुलपाखरामागे धावणाऱ्या मुली’ हे साधारण १७५६ चं चित्र अपुरं आहे आणि त्यामुळेच शिकणाऱ्यासाठी अनमोल आहे. चेहरे बरेचसे पूर्ण, झगे मोठ्या फटकाऱ्यांत नुसते मांडलेले, हात जेमतेम सुचवलेले, भोवतालचं रान अंधाऱ्या तपकिरीत. चित्राचे सगळे भाग एकाच वेळी कसे पुढे सरकत होते ते इथे थांबलेलं पाहता येतं.

१७५९ मध्ये त्याने बाथ गाठलं आणि तिथे त्याचं नशीब फिरलं. बाथला गरम पाण्याचे झरे. इंग्लंडभरचे सरदार आणि पैसेवाले तिथे हंगामात आठवडेच्या आठवडे राहत. आजारापेक्षा करमणूक मोठी. दिवसभर वेळ, अंगावर उत्तम कपडे आणि शेजाऱ्याने चित्र काढून घेतलं म्हणून आपणही काढून घ्यायची चढाओढ. व्यक्तिचित्रकाराला याहून चांगलं दुकान कुठे मिळणार?

या धंद्याचं गणित असं चाले. चित्राचे आकार ठरलेले असत. नुसतं डोकं-खांदे म्हणजे ३० बाय २५ इंच. गुडघ्यापर्यंतचं ‘हाफ लेंग्थ’ म्हणजे ५० बाय ४० इंच. पूर्ण उभी आकृती ९४ बाय ५८ इंचांच्या घरात. दर आकारावर असे आणि तो गिनीत सांगत. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग. गेन्सबरोचा मित्र आणि आश्रयदाता फिलिप थिकनेसच्या आठवणीनुसार बाथला आल्यावर एका डोक्याचा दर पाचवरून आठ गिनी झाला, आणि पुढे हाफ लेंग्थला ४० आणि पूर्ण आकृतीला १०० वर गेला. लंडनमध्ये शेवटी, १७८७ मध्ये, दर होते ४०, ८० आणि १६०.

दर आकारावर असल्याने वेळ वाचवणं म्हणजे पैसे मिळवणं. म्हणून बहुतेक यशस्वी चित्रकार चेहरा स्वतः रंगवत आणि कपडे भाड्याच्या माणसाकडून करून घेत. ॲलन रॅम्झी आणि टॉमस हडसन यांचे कपडे जोसेफ व्हॅन आकेन रंगवी, गेन्सबरोचा प्रतिस्पर्धी जोशुआ रेनॉल्ड्स याच्याकडे पीटर टॉम्स हे काम करी. या पद्धतीत होतं असं की चेहऱ्यावरचा प्रकाश एका हाताचा आणि बाहीवरचा दुसऱ्या हाताचा असतो. मान जिथे कॉलरला मिळते तिथे सांधा दिसतो. गेन्सबरोने हे केलं नाही. रेशीम, लेस, केस, मागचं झाड, सगळं तो स्वतः रंगवी. १७७२ मध्ये भाचा गेन्सबरो ड्युपाँ उमेदवार म्हणून आला. त्याचा हा एकमेव ज्ञात मदतनीस.

बाथजवळच्या मोठ्या घरांमध्ये, विशेषतः विल्टन हाउसमध्ये, त्याने सतराव्या शतकातला फ्लेमिश व्यक्तिचित्रकार व्हॅन डाइक याची चित्रं पाहिली आणि उतरवून काढली. बाहुलीचा ताठरपणा गेला तो इथे. अंगाला मिळालेला हलका वळसा, एका पायावर टाकलेला भार, हाताच्या लांब बोटांची ऐट हे सगळं व्हॅन डाइककडून आलं. ‘ब्लू बॉय’ (सुमारे १७७०) मधला मुलगा व्हॅन डाइकच्या काळचाच पोशाख घालून उभा आहे. हे चित्र वापरलेल्या कॅनव्हासवर आहे. क्ष-किरणांत निळ्या पोशाखाखाली एका मोठ्या माणसाच्या चित्राची सुरुवात दिसते, आणि शेजारी एक कुत्रा, जो त्याने नंतर रंगाखाली गाडला.

तरी एरवी अशा नाटकी पोशाखांना त्याचा विरोध होता. १७७१ मध्ये लेडी डार्टमथचं चित्र तिच्यासारखं दिसत नाही अशी तक्रार आली, तेव्हा त्याने लॉर्ड डार्टमथला पत्रातून समजावलं की दोष काल्पनिक पोशाखाचा आहे. माणूस आपण ओळखतो तो चेहऱ्याबरोबर त्याच्या रोजच्या कपड्यांवरून, केसांवरून, उभं राहण्यावरून. ते सगळं बदललं तर नाक-डोळे कितीही बरोबर असोत, ओळख हरवते. साम्य हाच व्यक्तिचित्राचा पहिला हेतू, असं तो मानी. रेनॉल्ड्सचं मत नेमकं उलटं होतं: फॅशन दहा वर्षांत हास्यास्पद होते, म्हणून बाईला ग्रीक-रोमन वळणाचं वस्त्र द्यावं. आज दोघांची चित्रं शेजारी ठेवली तर आम्ही गेन्सबरोच्या बाजूने आहोत.

चेहरा कसा उभा राही

चित्रकार ओझायस हम्फ्री तरुणपणी बाथमध्ये होता आणि त्याने गेन्सबरोचं काम जवळून पाहिलं. त्याने आणि इतरांनी लिहून ठेवलेल्या गोष्टी जोडल्या तर क्रम असा लागतो.

कॅनव्हास आधी चौकटीवर घट्ट ठोकत नसत. तो मोठ्या चौकटीत दोऱ्यांनी ताणलेला असे, म्हणजे हवा तसा सरकवता येई. चेहरा कुठे येणार ती जागा खडूने आखायची. मग खोली जवळजवळ अंधारी करायची, कधी मेणबत्तीच्या उजेडात. कॅनव्हासवरची ती जागा समोर बसलेल्या व्यक्तीच्या चेहऱ्याला अगदी लागून येईल असा कॅनव्हास आणायचा. गेन्सबरो उभ्याने रंगवी. जवळ जाऊन पाही, मागे जाऊन पाही, दोन्ही डोकी एकाच मापाची आणि एकाच उजेडातली. त्याच्या कुंचल्यांचे दांडे सहा-सहा फूट लांब असत असं वर्णन आहे. समोरच्या व्यक्तीपासून जितकं अंतर तितकंच कॅनव्हासपासून राखता यावं म्हणून.

अंधार का? भरपूर उजेडात पापणीचा केसही दिसतो आणि हात तिथेच रमतो. अंधुक उजेडात बारकावे विरून जातात आणि उरतात ते मोठे आकार: कपाळाची फळी, डोळ्यांच्या खोबणीतली सावली, गालाचा उतार, हनुवटीखालचा काळोख. ओळखीचा माणूस आपण लांबून, संध्याकाळी, चेहरा नीट दिसत नसताना ओळखतो तो याच आकारांवरून. ते पक्के बसले की मगच तो खिडकी उघडून उजेड घेई आणि डोळे, ओठ, नाकाची कड यांवर काम करी. नवशिके उलटं करतात. आधी एक डोळा सुंदर काढतात, मग त्याच्या आधाराने चेहरा बांधायला जातात, आणि शेवटी डोळा जागेवर नाही हे कळतं तोवर तो पुसायची हिंमत उरलेली नसते.

रंग तो फार पातळ ठेवी. मुलगी मार्गारेटने सांगितल्याप्रमाणे, पॅलेट जरा कलली तर रंग ओघळून जाईल इतका पातळ. तेलात टर्पेंटाइन सढळ. खाली उबदार रंगाचं अस्तर, आणि वर पातळ थर अशा बेताने की अस्तर मधूनमधून झिरपत राहतं. त्वचेच्या सावल्या मळकट न दिसता जिवंत वाटतात त्या यामुळे. पातळ रंगाने हात सुटतो, पाणरंगासारखा वेगाने चालतो. धोकाही तिथेच आहे. टर्पेंटाइन उडून जातं आणि रंगकणांना धरून ठेवायला तेल थोडंच उरतं. असा थर पुढे साफसफाईत चटकन घासला जातो. जुन्या काळी चित्र टिकावं म्हणून मागे नवं कापड गरम इस्त्रीने चिकटवत. त्या दाबाने त्याचे उठावाचे फटकारेही काही ठिकाणी चपटे झाले. तरी एकंदरीत त्याची चित्रं रेनॉल्ड्सच्या चित्रांपेक्षा चांगली टिकली आहेत. रेनॉल्ड्सने उडून जाणारे लाल रंग आणि न वाळणारं डांबर वापरलं, त्यामुळे त्याच्या कित्येक चेहऱ्यांचा रंग हयातीतच उतरला.

आता त्या प्रसिद्ध ओरखड्यांकडे येऊ. उत्तरकाळातल्या चित्राजवळ गेलात तर दिसतात नुसत्या रेघा: आडव्या, तिरप्या, एकमेकींवरून गेलेल्या, कशाचाच आकार न सांगणाऱ्या. चार पावलं मागे सरकलात की त्यांचंच रेशीम होतं, केस होतात, पानं होतात. रेनॉल्ड्सने यावर मोठं नेमकं निरीक्षण केलं आहे. त्याच्या मते हा अपुरेपणा साम्याला मदत करतो, कारण चित्रकाराने ढोबळ खूण दिली की ओळखणाऱ्याची कल्पनाशक्ती उरलेलं स्वतःच भरते, आणि कदाचित चित्रकारापेक्षा जास्त समाधान देईल असं भरते. मात्र ढोबळ खूण बरोबर जागी पडलेली हवी. अंधाऱ्या खोलीतली ती तयारी नसती तर हे ओरखडे नुसते ओरखडेच राहिले असते. त्याची नक्कल करणारे बहुतेक इथेच फसले: त्यांनी वरचं मोकळं काम उचललं, खालचं माप उचललं नाही.

त्याच्या काळातही लोक कुरकुरत. १७५८ मध्येच कोल्चेस्टरच्या एका वकिलाला त्याने उत्तर दिलं होतं: रंग खडबडीत लागलाय असं म्हणणं आणि कॅनव्हासला नाक लावून रंगाला वास येतो म्हणणं सारखंच. फटकाऱ्याचा स्पर्श हीच अस्सल आणि नकलेतली खूण, असं त्याचं म्हणणं.

‘द मॉर्निंग वॉक’ (१७८५) या चित्रात सगळं एकत्र येतं. विल्यम हॅलेट आणि एलिझाबेथ स्टीफन, दोघंही एकवीस वर्षांची, लग्नाच्या सुमाराला काढून घेतलेलं चित्र. किंमत १२० गिनी. अँड्र्यूज जोडप्याच्या चित्रात माणसं आणि शेत एकमेकांशेजारी ठेवलेली होती. इथे तिच्या ओढणीची कड, टोपीवरची पिसं, कुत्र्याचे केस आणि मागची पालवी एकाच जातीच्या फटकाऱ्यांत रंगवली आहेत. कापड कुठे संपलं आणि झाड कुठे सुरू झालं हे सांगायला काही ठिकाणी थांबावं लागतं. पस्तीस वर्षांत झाडांचा हात माणसांपर्यंत पोचला.

टेबलावरचं रान

निसर्गचित्रांच्या बाबतीत एक गैरसमज आधी काढायला हवा. गेन्सबरो मैदानात तिपाई मांडून समोरचं दृश्य रंगवणारा चित्रकार नव्हता. लॉर्ड हार्डविकने त्याच्याकडे एका खऱ्या ठिकाणाचं चित्र मागितलं तेव्हा त्याने नम्रपणे कळवलं की गास्पार दुघे किंवा क्लोद लोरेन या जुन्या निसर्गचित्रकारांच्या सगळ्यात सुमार नकलेच्या तोडीची जागा या देशात आपण पाहिलेली नाही. चित्र हवंच असेल तर ते आपल्या डोक्यातून येईल.

डोक्यातून येण्यासाठी त्याला टेबल लागे. पुढच्या खडकांसाठी बूच आणि कोळशाचे तुकडे. मधल्या जमिनीला वाळू आणि माती. झुडपांना शेवाळ, दूरच्या वनराईला ब्रोकोलीचे तुरे, पाण्याला आरशाचा तुकडा. मग मेणबत्ती हवी त्या बाजूला ठेवायची आणि सावल्या कुठे पडतात ते पाहून काढायचं. म्हणूनच त्याच्या निसर्गचित्रांत प्रकाश ढगाळ दिवसासारखा पसरत नाही. तो एका बाजूने येतो, एखाद्या गायीची पाठ किंवा गाडीचं चाक उजळवतो आणि बाकीचं रान अंधारात सोडून देतो. १७८१ च्या सुमाराला त्याने काचेवर पारदर्शक निसर्गचित्रं रंगवली आणि ती पाहायला खोका केला: मागे मेणबत्त्या, मध्ये उजेड पसरवणारा रेशमी पडदा, पुढे भिंग. तो खोका आणि दहा काचा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत.

संध्याकाळी घरी तो रेखाटनं करी. काठीला बांधलेला स्पंजचा तुकडा सावल्यांसाठी, आणि साखरेच्या चिमट्यात धरलेला पांढरा खडू उजेडासाठी. अशा एका प्रकारच्या रेखाटनाची संपूर्ण कृती त्याने संगीतकार मित्र विल्यम जॅक्सनला २९ जानेवारी १७७३ च्या पत्रात दिली, कोणाला सांगणार नाहीस अशी शपथ घालून.

ती अशी. टीपकागद आणि तेवढाच पांढरा कागद एकमेकांवर चिकटवून वाळवायचे. कागदापेक्षा दोन दोन इंच मोठी लाकडी चौकट घेऊन तिच्यावर जाड कागदाचे थर डकवायचे आणि मध्ये, चित्राच्या कागदाहून अर्धा इंच लहान, खिडकी कापायची. ही चौकट कायम वापरायची. मग चिनी शाईने सावल्या आणि शिशाच्या सफेद्याने उजेड असा ढोबळ खेळ मांडायचा. सफेदा ब्रिस्टलचा घ्यायचा, कारण तो लंडनच्यापेक्षा कडक असतो आणि करवतीने कापून खडूसारखा धरता येतो. परिणाम जमला की आख्खा कागद साय काढलेल्या दुधात बुडवायचा, ओला असतानाच चौकटीच्या कडेला गरम सरसाने चिकटवायचा. वाळला की ढोलकीच्या पानासारखा ताणला जातो. दुरुस्त्या करायच्या, गरज पडली तर पुन्हा दुधात. मग रंग: हिरव्याला सॅप ग्रीन, तपकिरीला लाकडाच्या काजळीचा बिस्टर, पिवळ्याला गोरोचन, निळ्याला उत्तम नीळ. त्यावर एक पाइंट पाण्यात तीन औंस अरबी डिंक, म्हणजे साधारण अर्ध्या लिटरला ८५ ग्रॅम, विरघळवून मऊ कुंचल्याने सगळीकडे सोडायचा. वाळल्यावर स्पिरिट व्हार्निशचे तीन हात. नाहीतर रुमी मस्तकी (झाडाची राळ) आणि व्हेनिस टर्पेंटाइनही चालतं.

दूध कशाला, तर त्यातलं केसिन वाळल्यावर गोंदासारखं काम करतं आणि भुरभुरणारा खडू कागदाला धरून ठेवतं. साय का काढायची? स्निग्धांश राहिला तर कागदावर तेलकट डाग पडतात आणि पुढचा पाण्यातला रंग त्या जागी बसत नाही. डिंकाचा हात चुकवला तर व्हार्निश थेट कागदात मुरतं आणि चित्र काळपट पडतं. आज कोणी करून पाहणार असेल तर शिशाचा सफेदा टाळावा, तो विषारी आहे. साध्या पांढऱ्या खडूने काम भागतं.

निसर्गचित्रं मात्र विकली जात नसत. लंडनच्या घरात ती ओळीने टांगलेली असत आणि गिऱ्हाइकं त्यांच्यासमोरून चेहरा काढून घ्यायला आत जात. जॅक्सनलाच दुसऱ्या एका पत्रात तो लिहितो की व्यक्तिचित्रांचा वीट आलाय, आपलं व्हियोला दा गांबा हे तंतुवाद्य घ्यावं आणि एखाद्या गोड खेड्यात जाऊन निसर्गचित्रं काढत उरलेलं आयुष्य शांतपणे घालवावं. ते त्याला जमलं नाही. १७८२ च्या ‘डुकरांसोबतची मुलगी’ या चित्राला त्याने ६० गिनी मागितल्या. ते रेनॉल्ड्सने घेतलं, आणि १०० गिनी दिल्या.

साडेपाच फुटांचा वाद

१७६८ मध्ये रॉयल ॲकॅडमी ही कलावंतांची, प्रदर्शनं भरवणारी संस्था रेनॉल्ड्सच्या अध्यक्षतेखाली स्थापन झाली तेव्हा संस्थापक सदस्यांत गेन्सबरो होता. १७७४ मध्ये तो लंडनला, पॅल मॅलवरच्या शोमबर्ग हाउसमध्ये राहायला आला. राजा तिसरा जॉर्ज आणि राणी शार्लट यांची कामं त्याला मिळू लागली. पण ॲकॅडमीशी त्याचं पटलं नाही. आधीच १७७३ ते १७७६ त्याने तिथे चित्रं पाठवली नव्हती.

शेवटचं भांडण टांगण्याच्या उंचीवरून झालं. प्रदर्शनाच्या मोठ्या दालनात भिंतीवर आठ फुटांवर एक पट्टी होती, तिला ‘लाइन’ म्हणत. पूर्ण उभ्या आकृतींची चित्रं या पट्टीच्या वर लागत, म्हणजे चित्राचा तळच जमिनीपासून जवळपास अडीच मीटरवर. १७८४ मध्ये तीन थोरल्या राजकन्यांचं चित्र पाठवताना त्याने कळवलं की हे चित्र इतक्या कोवळ्या प्रकाशात रंगवलं आहे की साडेपाच फुटांच्या वर लावलं तर त्यातलं साम्य आणि काम दिसणार नाही. ॲकॅडमीने नियम वाकवला नाही. त्याने सगळी चित्रं परत मागवली आणि पुन्हा कधीच तिथे पाठवली नाहीत. तो आपल्या घरीच प्रदर्शन भरवू लागला.

याला हट्टीपणा म्हणणारे तेव्हाही होते. पण वर सांगितलेली पद्धत लक्षात घेतली तर मुद्दा तांत्रिक आहे. ज्या चित्राचे ओरखडे एका ठरावीक अंतरावरून जुळतात, त्याला अंतर आणि कोन हे चित्राचेच भाग आहेत. रेनॉल्ड्सच्या जाड, गडद, उंचावरूनही ठसणाऱ्या आकृती आठ फुटांवर चालत. गेन्सबरोचे पातळ राखाडी-रुपेरी थर तिथे नुसते फिकट दिसत.

१७८८ च्या वसंतात वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये वॉरन हेस्टिंग्जवर बंगालमधल्या कारभाराबद्दल महाभियोग सुरू होता. तो ऐकायला गेला असताना मानेवर गार स्पर्श जाणवला आणि तिथे गाठ सापडली, असं सांगितलं जातं. तो कर्करोग होता. मरणापूर्वी त्याने रेनॉल्ड्सला बोलावून घेतलं आणि दोघांचं मनोमीलन झालं. २ ऑगस्ट १७८८ ला तो गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे क्यू इथल्या सेंट ॲन चर्चच्या आवारात त्याला पुरलं. त्याच वर्षी डिसेंबरात रेनॉल्ड्सने ॲकॅडमीतलं आपलं व्याख्यान सबंध त्याच्यावर दिलं; टेबलावरच्या रानाची आणि ओरखड्यांची माहिती बरीचशी त्यातूनच आपल्यापर्यंत आली आहे.

पाहायला गेलात तर

लंडनच्या नॅशनल गॅलरीत ‘अँड्र्यूज’, ‘फुलपाखरू’, ‘कॉर्नर्ड वुड’ आणि ‘मॉर्निंग वॉक’ ही चारही चित्रं एकाच छताखाली आहेत. या क्रमाने नाही तरी ‘अँड्र्यूज’ आधी आणि ‘मॉर्निंग वॉक’ नंतर पाहावं. ‘ब्लू बॉय’ १९२१ मध्ये अमेरिकेतल्या हेन्री हंटिंग्टनने विकत घेतलं आणि ते कॅलिफोर्नियातल्या सॅन मरिनो इथे आहे. सडबरीतलं त्याचं घर आता संग्रहालय आहे.

छापील पुस्तकात आणि मोबाइलच्या पडद्यावर गेन्सबरो फसवतो. प्रतिमा लहान झाली की ओरखडे आपोआप जुळून जातात, चित्र गुळगुळीत आणि गोडसर दिसतं, आणि त्याच्यावर गोडपणाचा आरोप होतो तो बहुतेक अशाच पाहण्यातून. संग्रहालयांनी दिलेल्या मोठ्या प्रतिमा उघडून बाहीवर किंवा झाडाच्या शेंड्यावर नेऊन पाहा. मग प्रतिमा हळूहळू लहान करा, म्हणजे रेघांचं कापड कुठल्या क्षणी होतं ते सापडेल.

नावाच्या पाटीबाबतही सावध राहावं लागतं. गेन्सबरोच्या मृत्यूनंतर भाचा ड्युपाँने त्याची काही अपुरी चित्रं पूर्ण केली, काहींच्या प्रती केल्या आणि स्वतःही त्याच वळणाने रंगवलं; १७९७ मध्ये तोही वारला. ड्युपाँचे फटकारे मामासारखेच सुटे असतात, पण ते जास्त नियमित, एकाच दिशेने आणि एकाच लांबीचे पडतात, आणि कापडाखालच्या अंगाचा आकार त्यांतून उमटत नाही. शंका आली तर चेहरा सोडून कोपर आणि खांदा पाहावा.